शिक्षकांचे पगार, मुलांचे गुण आणि आमच्या टाउनशिपमधली यादी

लिंबोळी

मंडळी, सल्ला हवाय आणि थोडं मनातलं बोलायचंही आहे.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. थोरली आठवीत, धाकटा चौथीत, दोघंही पब्लिक स्कूलमध्ये. आमच्या डिस्ट्रिक्टमधल्या शिक्षकांचा करार जूनअखेर संपला आणि नवा अजून ठरत नाहीये. बोर्डाच्या मीटिंगला सगळे शिक्षक एकाच रंगाचे टीशर्ट घालून येतात आणि मागच्या भिंतीपाशी उभे राहतात. सकाळी शाळेची वेळ होईपर्यंत पार्किंगमध्ये थांबतात, मग सगळे मिळून आत जातात. सुटल्यावर तसेच एकत्र बाहेर. करारात लिहिलेलं नाही असं एकही काम करायचं नाही, हा त्यांचा निषेध. गणिताचा क्लब बंद पडलाय. बारावीच्या मुलांचे पालक कॉलेजच्या शिफारसपत्रांच्या काळजीत आहेत.

अशात गेल्या आठवड्यात टाउनशिपच्या देशी व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने एक्सेल शीट टाकली. डावीकडे शिक्षकांचे पगार, नावानिशी. इथे सरकारी नोकरांचे पगार जाहीर असतात, वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर नाव टाकून शोधता येतात. उजवीकडे एनजेएसएलए या राज्याच्या वार्षिक परीक्षेत अपेक्षित पातळी गाठलेल्या मुलांची टक्केवारी. आजूबाजूच्या डिस्ट्रिक्टशी तुलना. निष्कर्ष असा की आपले शिक्षक शेजारच्यांपेक्षा जास्त घेतात, गुण मात्र तेवढेच, तेव्हा बोर्डाने एक पैसा वाढवून देऊ नये. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मुलीच्या गणिताच्या बाईंचं नाव पिवळ्या रंगात, पुढे आकडा, आणि खाली कुणीतरी विचारलेलं, "हिला एवढे कशाला?" याच बाई मुलीला अपूर्णांक जमेनात तेव्हा डबा खायच्या सुट्टीत तिला घेऊन बसत होत्या. मला रात्रभर झोप लागली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अशा दोन याद्या शेजारी ठेवून शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं आहे. पण नुसतं "अन्याय" म्हणून बोर्डासमोर चालणार नाही. म्हणून विचारते: पगार आणि गुण यांचा खरंच काही संबंध असतो का? असला तर तो प्रामाणिकपणे कसा बघायचा? पुढच्या मीटिंगला मला बोलायचंय.

टॅक्सभरणारा

ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

माझा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या वर जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना मिळतो. न्यू जर्सीचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वांत जास्त. २०१० साली ख्रिस्टी गव्हर्नर असताना करवाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आली, पण आरोग्य विम्याचा हप्ता भडकला की त्याला अपवाद आहेच. शाळेच्या बजेटचा सर्वांत मोठा भाग पगार आणि विमा. मग त्या पैशातून काय मिळालं हे मी विचारू नको?

आणि पगार कसा वाढतो ते बघा. एक वर्ष भरलं की तक्त्यावर एक पायरी वर. मास्टर्स केलं की शेजारच्या रकान्यात उडी. जीव ओतून शिकवणाऱ्याला तीच पायरी आणि वर्कशीट वाटून फोनमध्ये डोकं घालणाऱ्यालाही तीच. माझ्या मुलाला सातवीत असे एक सर होते. मुख्याध्यापकांना भेटलो, त्यांनी मान डोलावली, पण सरांना टेन्युअर होतं, म्हणजे सहजी काढता न येणारी कायम नोकरी. वर्ष वाया गेलं.

नावं टाकायला नको होती, हे मान्य. तो रकाना उडवून शीट टाकता आली असती.

कोथिंबीरवडी

शेवटच्या ओळीला +१. बाकी वाचतेय. भडंगाची वाटी घेऊन बसलेय, सावकाश भांडा.

सांख्यिक

लिंबोळी, पोटापाण्यासाठी आकड्यांतच काम करतो, म्हणून त्या शीटबद्दल सांगतो.

डिस्ट्रिक्टचा सरासरी पगार हा बहुतांशी शिक्षकांच्या वयाचा आकडा असतो. जिथे वीस वर्षं टिकलेले शिक्षक जास्त, तिथे सगळे तक्त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणून सरासरी जास्त. एखाद्या वर्षी मोठी तुकडी निवृत्त झाली आणि जागी पंचविशीतली मुलं आली की सरासरी धाडकन खाली येते. करार तोच, तक्ता तोच. तुमच्या डिस्ट्रिक्टचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा मोठा असेल तर कदाचित तुमच्याकडून शिक्षक सोडून जात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ती तर चांगली गोष्ट झाली.

गुणांच्या रकान्याचंही तसंच. अपेक्षित पातळी किती मुलांनी गाठली, यात आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न ठासून भरलेलं असतं. १९६६ च्या कोलमन अहवालापासून हे अमेरिकेत माहीत आहे: शाळाशाळांमधला गुणांचा फरक पुष्कळसा घरातून येतो. आपल्या देशी वस्त्यांत तर आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही. संध्याकाळी कुमॉनच्या शिकवणीबाहेर गाड्यांची रांग बघा. तिथल्या शीटांची, शनिवारच्या रशियन मॅथच्या क्लासची कमाई शेवटी शाळेच्या नावावर जमा होते. आपल्या गावात गुण चांगले आले म्हणून शिक्षकांना श्रेय द्यायचं नसेल, तर ते वाढले नाहीत म्हणून दोषही देता येत नाही.

बघायचंच असेल तर राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये प्रगतीचा आकडा असतो, तो बघा. गेल्या वर्षी ज्या मुलांचे गुण तुमच्या मुलाइतकेच होते, त्यांच्या तुलनेत तुमचं मूल यंदा कुठे पोचलं, असा त्याचा हिशेब. ५० च्या आसपास म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण गतीने. श्रीमंत गावातल्या नावाजलेल्या शाळेचाही तो कमी असू शकतो आणि गरीब गावातली एखादी शाळा त्यात पुढे असते.

टॅक्सभरणारा

@सांख्यिक, प्रगतीचा आकडा मला चालेल. मग त्यावरच पगार ठरवा की. माझी हरकत पगार जास्त असण्याला नाही, तो कशावर मिळतो याला आहे.

पीचट्री

तिथे सावध राहा. मी जॉर्जियात राहते. गुणांवर बक्षीस आणि गुणांवर शिक्षा असं एकदा झालं की काय होतं ते आम्ही अटलांटात बघितलंय. २००९ च्या परीक्षांची राज्याने चौकशी केली, २०११ मध्ये अहवाल आला: तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत फसवणूक. शिक्षकांनी उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, तेही संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. त्या मुलांना "तुम्हाला वाचता येतं" असा कागद मिळाला आणि ज्या जादा मदतीची गरज होती ती मिळाली नाही. मला सर्वांत जास्त वाईट त्याचं वाटतं.

सांख्यिक

अगदी. आणि फसवणूक नसतानाही नुसत्या बोनसने फार काही हललं नाही, याचं टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराचं उदाहरण आहे. माध्यमिक शाळांतल्या गणित शिक्षकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. एका गटाला मुलांची प्रगती झाली तर वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत बोनस, दुसऱ्याला नाही. तीन वर्षं प्रयोग चालला, २०१० मध्ये निकाल आला: एकंदरीत दोन्ही गटांतल्या मुलांच्या गुणांत फरक नाही. याचा मला लागलेला अर्थ असा की शिक्षक काही कौशल्य खिशात दडवून पैशाची वाट बघत बसलेले नव्हते. जे येत होतं ते आधीच देत होते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर टॅक्सभरणारा रागावतील. वॉशिंग्टन डीसीत २००९ पासून मूल्यमापनाची जी पद्धत आली तिथे मोठी वाढ आणि नोकरी जाण्याची भीती दोन्ही होतं. त्यावरच्या अभ्यासात कमी दर्जा मिळालेले शिक्षक जास्त प्रमाणात सोडून गेलेले दिसले आणि सीमारेषेवर राहिलेल्यांचं काम सुधारलेलं दिसलं. पण तिथे मोजमाप फक्त परीक्षेचं नव्हतं, वर्गात बसून केलेलं निरीक्षण त्याचा मोठा भाग होतं.

मेंडोटाकाठी

विस्कॉन्सिनमधून लिहितोय. या प्रश्नावर आमच्या राज्याइतकी मोठी प्रयोगशाळा दुसरी नसेल.

२०११ मध्ये ॲक्ट १० नावाचा राज्याचा कायदा आला. शिक्षक संघटनांना वाटाघाटी फक्त मूळ पगारावर आणि तीही महागाईच्या दरापर्यंतच करता येणार. पेन्शन आणि विम्यात कर्मचाऱ्यांनी स्वतःचा वाटा घालायचा, म्हणजे हातात पडणारा पगार कमी. राजधानी मॅडिसनच्या कॅपिटल इमारतीत लोक आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले होते. फेब्रुवारीची थंडी, बाहेर हजारो माणसं, ढोल. आमच्या शेजारच्या शिक्षिका तेव्हा रोज संध्याकाळी जायच्या. वर्ष संपल्यावर त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांच्या वयाच्या कितीतरी जणींनी तेच केलं.

पुढे काय झालं? काही डिस्ट्रिक्टनी जुना पायऱ्यांचा तक्ता फेकून दिला आणि ज्याला हवा त्याला हवा तेवढा पगार द्यायला सुरुवात केली. काहींनी तक्ता ठेवला. बार्बरा बियासी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दोन्हींची तुलना केली. मोकळ्या पगाराच्या डिस्ट्रिक्टकडे चांगले शिक्षक ओढले गेले आणि तिथले गुण वाढले. टॅक्सभरणारा, हा तुमच्या बाजूचा पुरावा. पण ते चांगले शिक्षक आकाशातून पडले नव्हते, शेजारच्या डिस्ट्रिक्टमधून आले होते. जेसन बॅरन यांचा दुसरा अभ्यास आहे, त्यात कायद्यानंतर संघटना दुबळ्या झाल्यावर राज्यातले गुण घसरलेले दिसतात, आणि घसरण आधीच मागे असलेल्या शाळांत जास्त.

अजून एक. पगार घासाघीस करून ठरायला लागले तसा बायकांचा पगार पुरुषांपेक्षा मागे पडायला लागला. तोच अनुभव, तेच काम. हाही बियासी आणि त्यांच्या सहकारी सारसन्स यांचाच अभ्यास. तक्ता आंधळा असतो हे खरं, पण आंधळेपणाचा तेवढा फायदाही असतो.

कोथिंबीरवडी

हे बायकांच्या पगाराचं माहीत नव्हतं. वाटी खाली ठेवली.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, विदर्भात. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. तुमचा धागा अमेरिकेचा आहे, तरी लिहितो, कारण ती व्हॉट्सॅपची यादी वाचून मला आमचा तालुकाच आठवला.

आमच्याकडेही हेच बोलतात. "सातवा वेतन आयोग घेता, मग पाचवीच्या पोराला दुसरीचं पुस्तक का वाचता येत नाही?" असरचा, म्हणजे खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, अहवाल आला की महिनाभर चहाच्या टपरीवर हेच. प्रश्न खोटा नाही. काही मुलांना खरंच वाचता येत नाही आणि त्याचं दुःख आम्हाला लोकांपेक्षा जास्त आहे, कारण ते मूल आमच्यासमोर बसलेलं असतं.

पण पगाराची गोष्ट दोन टोकांची आहे. माझ्या शाळेतला दुसरा शिक्षक शिक्षणसेवक म्हणून लागला. योजना २००० सालापासूनची, पहिली तीन वर्षं नुसतं मानधन. २०२३ मध्ये ते वाढून प्राथमिकला १६,००० झालं, त्याआधी कितीतरी वर्षं ६,००० होतं. सहा हजारात खोलीभाडं, पेट्रोल, आणि घरी पाठवायचे. माझ्या वर्गाच्या शेजारच्याच वर्गात तेच काम करणारा माणूस माझ्या पगाराच्या छोट्याशा हिश्श्यात राबत होता. त्याचे विद्यार्थी माझ्यापेक्षा कमी शिकत होते काय? नाही. कधीकधी जास्त. तो तरुण होता, मुलांसोबत खो-खो खेळायचा, संध्याकाळी पाराजवळ बसवून पाढे घ्यायचा. म्हणून त्याला कमी पगार द्यावा असा अर्थ काढणारे लोक आहेत. मी म्हणतो, त्या माणसाला पूर्ण पगार मिळाला असता तर तो बाकीची दहा वर्षंही तसाच राहिला असता.

शिवाय शिकवायला वेळ किती मिळतो ते कुणी मोजत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं लिहिलंय. पण बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम निवडणुकीतच मोडतं, ते वर्षभर चालतं. खिचडीचा हिशेब, आधार जोडणी, ॲपवर फोटो. नेटवर्क नसलं की फोटोसाठी टेकडीवर जावं लागतं. त्या वेळात दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग एकाच्या अंगावर.

गरवारे पूल

खडूफळा सर, नमस्कार. प्रतिसाद फार आवडला.

अवांतर: खाजगी इंग्रजी शाळांतल्या पगाराबद्दल पण बोलायला हवं. बायको एका नावाजलेल्या शाळेत होती. सही एका आकड्यावर आणि बँकेत जमा झालेल्यातले काही रोख परत द्यायचे, अशी रीत. पालक मात्र समजतात की फी दणदणीत म्हणजे शिक्षकांना पगारही दणदणीत. त्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा. अर्थात प्रवेश देतानाच मुलं निवडून घेतलेली.

सांख्यिक

@खडूफळा, तुमच्या प्रतिसादावरून आंध्रातला एक प्रयोग आठवला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर छोटासा बोनस देऊन पाहिला, वार्षिक पगाराच्या साधारण ३ टक्के. दोन वर्षांनी गणित आणि भाषा दोन्हींत तिथली मुलं इतर शाळांपेक्षा लक्षणीय पुढे होती. म्हणजे नॅशव्हिलमध्ये जे झालं नाही ते आंध्रात झालं.

आणि याच मुरलीधरन यांचा सहकाऱ्यांबरोबरचा इंडोनेशियाचा अभ्यास बघा. तिथे २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळालेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. शिक्षक जास्त समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, पैशाची चणचण मिटली. मुलांचे गुण मात्र दोन-तीन वर्षांत हलले नाहीत.

टॅक्सभरणारा

मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. सरसकट वाढ दिली की गुण वाढत नाहीत.

सांख्यिक

अर्धं सिद्ध झालं. तो अभ्यास आधीपासून नोकरीत असलेल्यांचा आहे. तीच माणसं, तोच वर्ग, पगार दुप्पट. पगाराचा खरा परिणाम हळू होतो: उद्या या नोकरीकडे कोण वळतं आणि कोण टिकतं यात. ते दोन वर्षांत दिसत नाही. अमेरिकेत कोर्टाच्या आदेशांमुळे ज्या डिस्ट्रिक्टना जादा पैसा मिळाला, तिथल्या मुलांचा जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी मोठेपणापर्यंत माग काढला. शाळेच्या बाराही वर्षांत दर मुलामागचा खर्च १० टक्के जास्त राहिला, तर ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई सुमारे ७ टक्के जास्त. गरीब घरातल्या मुलांत परिणाम अधिक. पैसा बऱ्याच ठिकाणी शिक्षकांचे पगार वाढवण्यात आणि वर्ग लहान करण्यात गेला होता.

पसेइककाठ

कोर्टाचं निघालंच आहे तर न्यू जर्सीचंच सांगते. मी नेवार्कजवळ राहते, शहरातल्या एका शाळेत पूर्वी स्वयंसेवक म्हणून वाचन घ्यायचे.

ॲबट विरुद्ध बर्क हा खटला आपल्या राज्याचा. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नेवार्क, कॅम्डेन, पॅटरसन, जर्सी सिटी अशा गरीब शहरांतल्या मुलांवर श्रीमंत उपनगरांइतकाच खर्च झाला पाहिजे. पुढे अशी ३१ डिस्ट्रिक्ट झाली. १९९८ मध्ये तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या प्रीस्कूलचा आदेश आला. पुढे त्यात नियम आला की प्रीस्कूलच्या शिक्षकांनाही पदवी आणि प्रशिक्षण हवं, आणि डिस्ट्रिक्टच्या शाळेतल्या शिक्षकांच्या बरोबरीने त्यांना पगार. रटगर्स विद्यापीठाच्या लोकांनी त्या मुलांचा माग ठेवला. चौथी-पाचवीपर्यंत फायदा टिकलेला दिसला. लहान मुलांच्या शिक्षिकेला आया समजून पगार देणं थांबवलं, त्याचं फळ.

आणि नेवार्कलाच २०१० मध्ये फेसबुकच्या झकरबर्गने १० कोटी डॉलर दिले, ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही कार्यक्रमात जाहीर करून. २०१२ च्या करारात उत्तम शिक्षकांना बोनस आला. कुणाशी बोलून ठरवलं, तर शहरातल्या पालकांशी नाही. मी ज्या शाळेत जायचे तिथल्या आज्यांना टीव्हीवर कळलं. २०१९ च्या करारात तो बोनस गेला. लिंबोळी, तुमच्या गावात निदान बोर्ड तुमच्यासमोर बसतं आणि तुम्हाला बोलू देतं. ते सोडू नका.

पॅराताई

एवढं वाचून राहवलं नाही. सगळे शिक्षकांच्या पगारावर बोलताय, पण शाळेत सरकारी पगारावर आम्हीही आहोत. मी पॅरा आहे, म्हणजे वर्गातली मदतनीस. ऑटिझम असलेल्या एका मुलाबरोबर दिवसभर असते. त्याला आवाज सहन होत नाही. फायर ड्रिलची घंटा वाजायच्या आधी त्याला कानावर हेडफोन लावून बाहेर नेणं, त्याने चावलं तरी आवाज न चढवणं, डबा उघडायला शिकवणं, हे माझं काम. यंदा त्याने पहिल्यांदा स्वतःहून पेन्सिल मागितली.

मला तासावर पैसे मिळतात. आठवड्याचे तास मोजून तीसच्या खाली ठेवलेत, कारण तीस झाले की आरोग्य विमा द्यावा लागतो. उन्हाळ्यात पगार नाही. गेल्या वर्षी आमच्यातल्या कितीतरी जणी गोदामात पॅकिंगच्या कामाला गेल्या, तिथे तासाला जास्त मिळतात. प्रत्येक वेळी पॅरा बदलली की त्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याची पेन्सिल एनजेएसएलएच्या टक्केवारीत कुठे दिसणार?

लिंबोळी

पॅराताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. तुमची परवानगी असेल तर मुलाबद्दलचा भाग वगळून तासांचा मुद्दा मीटिंगमध्ये मांडू का? आमच्याकडेही पॅरांची हीच स्थिती आहे असं ऐकलंय.

पॅराताई

जरूर मांडा. विचारलंत यात आलं सगळं.

टॅक्सभरणारा

पॅराताईंना तीसच्या वर तास द्यायला माझा टॅक्स वाढला तर मी सही करीन. गंमत नाही, खरं सांगतोय. माझी लढाई पायऱ्यांच्या तक्त्याशी आहे.

शालिनीमावशी

मुलांनो, मी न्यू जर्सीतल्याच एका डिस्ट्रिक्टमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाले. या तक्त्याच्या पोटात काय असतं ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते.

तक्त्यात एक फुगवटा असतो, आम्ही त्याला बबल म्हणायचो. खालच्या पायऱ्या अगदी जवळजवळ, वर्षाला थोडेसे वाढतात. मग मधेच एक-दोन पायऱ्या अशा की तिथे एकदम मोठी उडी. करार करताना पैसे कमी पडले की दोन्ही बाजू मिळून ही उडी पुढे पुढे ढकलतात. तरुण शिक्षकाला वाटतं आणखी दोन वर्षांत आपण तिथे पोचू, तोवर नवा करार होतो आणि उडी आणखी दोन पायऱ्या वर सरकते. त्यात २०११ च्या चॅप्टर ७८ कायद्याने विम्याचा हप्ता पगाराच्या प्रमाणात कापायला लागले. मधल्या पायऱ्यांवरच्या माझ्या सहकाऱ्यांचा कागदावरचा पगार वाढला आणि हातातला कमी झाला, असं काही वर्षं चाललं. त्याच वयात घर घ्यायचं असतं, मुलं होतात. गणित आणि विज्ञानाचे लोक तिथेच गळतात. त्यांना औषध कंपन्या, विमा कंपन्या घ्यायला तयार असतात.

लिंबोळी, तू सरासरी विचारू नकोस. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या तक्त्यात बबल कुठे आहे आणि त्याच्या खालच्या पायऱ्यांवरून गेल्या काही वर्षांत किती जण सोडून गेले, हे विचार. करार जाहीर कागद आहे, तक्ता शेवटच्या पानांत असतो.

आणि टॅक्सभरणारा, टेन्युअरबद्दल. २०१२ पासून नव्या शिक्षकाला तीनऐवजी चार वर्षं लागतात आणि दोन वर्षं खराब मूल्यमापन आलं तर टेन्युअर असतानाही कारवाई करता येते. मुलाच्या गुणांचाही त्या मूल्यमापनात वाटा आहे. आधी ३० टक्के होता, २०१८ मध्ये तो ५ वर आणला. तुमच्या मुलाचं वर्ष वाया गेलं ते मुख्याध्यापकांनी वर्गात बसून लिहायचं ते लिहिलं नाही म्हणून. मान डोलावणं हे त्यांचं काम नव्हतं.

टॅक्सभरणारा

मावशी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांच्या पगाराबद्दल बोलायला हवं मग.

मेंडोटाकाठी

हा हा, नवा धागा काढा.

लिंबोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री करार उघडला. मावशी, बबल सापडला. आठव्या आणि नवव्या पायरीच्या मधे आहे, आणि मुलीच्या गणिताच्या बाई सातव्या पायरीवर आहेत. त्या यादीत पिवळ्या रंगात असलेल्या बाई तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात!

बोर्डासमोर मी हे विचारणार आहे: राज्याच्या रिपोर्टमधला प्रगतीचा आकडा आपल्या प्रत्येक शाळेसाठी जाहीर सभेत मांडा. नवव्या पायरीच्या खालचे किती शिक्षक सोडून गेले आणि कुठे गेले, विशेषतः गणित, विज्ञान आणि स्पेशल एज्युकेशनचे. किती वर्गांत वर्षातला मोठा काळ बदली शिक्षक होते. पॅरांचे तास तीसच्या खाली ठेवून विम्याचे किती वाचतात आणि दरवर्षी नव्या पॅरा शोधण्यात व शिकवण्यात त्यातले किती जातात. वर्गनिरीक्षणं नियमाप्रमाणे होतात का, हेही विचारणार आहे, टॅक्सभरणारांच्या मुलासाठी.

आणि ग्रुपवर आज सकाळी लिहिलं की नावांचा रकाना काढून शीट पुन्हा टाका, नाहीतर ॲडमिनने ती उडवावी. अजून उत्तर नाही.

शालिनीमावशी

छान. बोलायला प्रत्येकाला ठरावीक मिनिटंच देतात, टायमर समोर लावलेला असतो. सगळे प्रश्न एकटीने विचारू नकोस. मैत्रिणींना एकेक वाटून दे आणि सगळ्याजणी नाव नोंदवा. लेखी प्रती बोर्डाच्या सेक्रेटरीकडे आधीच दे, म्हणजे इतिवृत्तात येतील.

टॅक्सभरणारा

आमची टाउनशिप एकच असेल तर वर्गनिरीक्षणाचा प्रश्न मी विचारतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.